दाजींचं ग्रीनहाऊस आणि आक्काची उसळ

बागवाले मंडळी, दुपारी "हीटरशिवाय थंडीत मोड" हा व्हिडिओ टाकणारे तज्ज्ञ म्हणजे माझे दाजी. खासबागेतल्या घराच्या गच्चीवर त्यांचं प्लास्टिकचं ग्रीनहाऊस आहे.

तिथं वाटाणा आणि स्वीट पी नावाचं फुलझाड, दोन्हींचं बी त्यांनी पाणी ओतून ओतून कुजवलं. मग उरलेलं स्वीट पीचं बी गुपचूप भिजवून फडक्यात बांधलं आणि स्वयंपाकघरात गॅसशेजारी उबेला टांगलं.

सकाळी मी गेलो तर आक्का ते फडकं सोडत होती. "काळ्या वाटाण्याला मोड लई छान आल्यात. उसळ खाऊनच जा."

बी मी लगेच ओळखलं; स्वीट पीचं पाकीट मीच खडेबाजारातनं आणून दिलं होतं. त्यावर 'विषारी, खाऊ नये' असं ठळक छापलंय. मी फडकं हिसकावून घेतलं.

दाजी धावत आले. बायकोसाठी नव्हे. "मोड तुटलं न्हाईत न्हवं? व्हिडिओ करायचाय!"

तेच मोड ग्रीनहाऊसच्या मातीत खोचून त्यांनी व्हिडिओ केला. तुम्ही टाळ्या पाठवल्या.

नंतर साहेब जेवायला बसले आणि ताटाकडं बघून म्हणाले, "उसळ न्हाय व्हय आज?"

सांगा, आक्कानं काय वाढावं यांना?