सातव्या आठवड्यातल्या आजी

हसायचं नाही असं आधी कबूल करा, मग सांगते. कारण हा मूर्खपणा मी पूर्ण शुद्धीवर असताना, वहीत, सुवाच्य अक्षरात केलेला आहे.

आमच्या मुलींच्या कॉलेजात हुशार मुलींसाठी एक ऑनर्स कार्यक्रम आहे. अख्ख्या कॉलेजातून तीस मुली. त्यांना मरून रंगाचा बॅज, वेगळी एसी अभ्यासिका आणि बाकीच्या मुलींचे शिव्याशाप. माझी निवड झाली तेव्हा बाबांनी आमच्या वारज्याच्या सोसायटीच्या ग्रुपवर बातमी टाकली, तीसुद्धा पाणी न येण्याच्या सूचनेच्या आधी! तेव्हा विचार करा, ऑनर्समधून नाव कमी होणं म्हणजे सोसायटीत तोंड लपवून राहणंच की!

ऑनर्सच्या मुलीनं नुसतं हुशार असून चालत नाही, संवेदनशीलही असावं लागतं. म्हणजे दर आठवड्याला काहीतरी समाजकार्य करायचं आणि त्यावर वहीत एक पान 'आत्मचिंतन' लिहायचं. सत्राच्या शेवटी वही जमा.

आता मला सांगा, दर आठवड्याला पानभर चिंतन कुणाच्या आत साठतं? मी चौदा आठवड्यांचं चिंतन एका रविवारी उरकलं. चार वेगवेगळी पेनं वापरली. एका पानावर मुद्दाम चहाच्या कपाचा गोल उठवला. सातव्या आठवड्याला काही सुचेना, म्हणून एक आजी काढली. निरक्षर, एकाकी, डोळे पाणावलेली. सहा आठवडे मी तिला अक्षरं शिकवते आणि सातव्या आठवड्यात ती थरथरत्या हातानं स्वतःची सही करते. लिहिताना मला खरंच हुंदका आला हो!

वही जमा केली आणि आठ दिवसांनी आमच्या प्रमुख निगुडकर मॅडमचा मेसेज आला. 'उद्या साडेदहाला केबिनमध्ये ये. एकटीच.'

एकटीच! मेसेज तसाच धावत जाऊन वैशालीला दाखवला. वैशाली म्हणजे हॉस्टेलवर राहणारी माझी वर्ध्याची मैत्रीण. ती ऑनर्समध्ये नाही, त्यामुळे तिचं डोकं शाबूत आहे.

"काहून घाबरते इतकी? जाऊन सांगून टाक, सारं खोटं लिहिलं म्हणून."

"आणि काढून टाकलं तर?"

"तर माह्यासारखी राहशील. मी मेली का?"

पटलं. कबुलीजबाब पाठ करून केबिनमध्ये शिरले. 'एकटीच' का, ते आत गेल्यावर कळलं. बाहेरून तपासणी समिती येणार होती आणि फायली नसलेली खुर्ची एकच उरली होती.

"मॅडम, ती वही..."

"तेच!" मॅडमनी टेबलावर हात आपटला. मी दचकले. माझी एक खोड आहे, दचकले की तोंडातून 'हो' निघतं. रिक्षावाला खेकसला तरी 'हो'.

"त्या सातव्या आठवड्यातल्या आजी पुण्यातच असतात ना?"

"हो."

"चालताफिरता येतं त्यांना?"

"हो."

"मग गुरुवारी समितीसमोर आण. आपल्या ऑनर्सचं फलित म्हणून त्यांना दाखवू. जमेल?"

"हो."

बाहेर वैशाली उभीच होती. "सांगितलं?"

"तीनदा हो म्हणून आले."

"अवं माय! आता आजी कुठून आणशील?"

आधी आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशींना विचारलं. त्या लादी पुसता पुसता म्हणाल्या, "ताई, मी दहावी पास आहे. आणि गुरुवारी मला सुट्टी नाही."

शेवटी उरल्या आमच्या इमारतीतल्या साने बाई. पंच्याहत्तरी उलटलेली, पांढरे केस, चिमणीएवढा जीव. दिसायला अगदी माझ्या वहीतल्या. अडचण एवढीच, की बाई चाळीस वर्षं गणित शिकवून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेल्या!

सगळं ऐकून घेतल्यावर म्हणाल्या, "मी खोटं बोलणार नाही."

"नका बोलू बाई. नुसत्या गप्प बसा. आणि सही मागितली तर जरा हात थरथरवा."

"गप्प बसणं खोट्यात धरत नाहीत. एवढं शिक्षण खात्यात राहून कळलंय मला. किती वाजता यायचं?"

गुरुवारी बाई जुन्या सुती साडीत, चष्मा पर्समध्ये टाकून हजर. आम्ही अभ्यासिकेच्या व्हरांड्यात पोचलो, तर तिथे बाकावर आणखी तीन आज्या! आमच्याच ऑनर्सच्या तिघींनी आणलेल्या. आम्ही चौघी मुलींनी एकमेकींकडे पाहिलं आणि एकदमच मोबाइलमध्ये डोकं घातलं.

पहिला नंबर आमचा. समितीत तिघे जण. त्यांचे अध्यक्ष म्हणजे गार चहा प्यायल्यासारखा चेहरा असलेले एक सर.

"आजी, या मुलीनं तुम्हाला लिहायला शिकवलं?"

बाईंनी माझ्याकडे चुकलेल्या गणिताकडे बघावं तसं पाहिलं. मग पंख्याकडे पाहत बसल्या.

"लाजतात हो," मॅडम घाईघाईनं म्हणाल्या. "पण सही करतात! उपस्थितीच्या कागदावरच घ्या ना, सर."

झालं! हातात पेन आलं, समोर रकाने आखलेला कागद आला आणि बाईंच्या अंगातली चाळीस वर्षं जागी झाली. पर्समधून चष्मा निघाला. एका झटक्यात झोकदार इंग्रजी सही. खाली दोन रेघा. त्याखाली तारीख. आणि त्याखाली, माझं दुर्दैव, 'मुख्याध्यापिका (निवृत्त)'. एवढ्यावर थांबतील तर त्या साने बाई कसल्या? वर समितीतल्या दोघांनी सहीखाली तारीख घातली नव्हती. बाईंनी त्या जागांभोवती गोल काढून ठेवले!

अध्यक्षांनी कागद उचलला. वाचला. चष्मा पुसून परत वाचला.

"कमाल आहे," ते अगदी शांतपणे म्हणाले. "सहा आठवड्यांत निरक्षर ते मुख्याध्यापिका. आणि निवृत्तसुद्धा!"

मी बाहेर आले तेव्हा व्हरांड्यातल्या तिन्ही आज्या 'गॅसवर दूध राहिलंय' म्हणत जिना उतरत होत्या.

मॅडम ओरडल्या असत्या तर बरं वाटलं असतं. त्या नुसतं म्हणाल्या, "तुला ठेवावं की काढावं, मला सुचत नाहीये. घरी जा. जे घडलं ते खरं खरं एक पान लिहून आण. त्यावर ठरवू."

शनिवारभर बसून लिहिलं. एकाच पेनानं. तो मेसेज आल्यावर वैशालीकडे कशी पळाले, ते लिहिलं. बाबांना काय तोंड दाखवू, ते लिहिलं. परतताना रिक्षात साने बाई माझ्या हातावर हात ठेवून बसल्या, तेही लिहिलं. आयुष्यात पहिल्यांदा खरं आत्मचिंतन केलं, देवाशपथ!

सोमवारी पान परत आलं. कोपऱ्यात मॅडमचा लाल शाईतला शेरा होता:

'बॅज तूर्त कार्यालयात जमा करावा. प्रसंग अविश्वसनीय. भावना कृत्रिम. स्वतःच्या अनुभवातून लिहावे.'