दोन्ही बाजू वेगळ्या

ताई कुणाच्या घरी चहाला गेल्या की त्या घरातल्या बाईचा जीव पडद्यांत अडकायचा. ताईंची सवयच तशी होती. बोलता बोलता हात लांब करून पडद्याचं टोक चिमटीत धरायचं, अंगठ्यानं चोळून बघायचं आणि म्हणायचं, "चालेल अजून. पण उन्हाकडची बाजू विटली की मला हाक मारा हं." जसं काही त्या पडद्याचं पुढचं सगळं त्यांनीच ठरवून टाकलंय! तरी गंमत अशी की ज्या बायका पाठीमागे नाक मुरडायच्या, त्याच पुढे जुन्या चादरींची बोचकी घेऊन ताईंच्या दारात उभ्या राहायच्या.

जुन्या चादरी, पडदे, उशांचे अभ्रे, टेबलावरची कापडं, मिळेल त्यातून ताई कपडे शिवत. दुकानातून कापड आणून शिवण्यात काय ते मोठंसं, असं त्यांचं मत. चादर हातात आली की आधी ती खिडकीसमोर धरायची. माणसं मध्यभागी झोपतात, त्यामुळे चादर मध्येच विरते आणि काठाकडे धडधाकट राहते. विरलेला भाग फडक्यांना, काठ कपड्याला. दांडी घालायची पडद्याची पट्टी म्हणजे आयता नेफा, नाडी ओवली की पोराची चड्डी तयार. उशीचा अभ्रा तर देवानं झबल्यासाठीच बनवलाय असं त्या म्हणत. बंद टोकाला गळा कापायचा, बाजूंना हात, संपलं काम. "शिवून ठेवलेली शिवण पुन्हा शिवायला मला काय वेड लागलंय?" असा त्यांचा रोकडा सवाल असे.

ताईंचे यजमान घड्याळं दुरुस्त करत. स्वभावानं गरीब, हाती येईल ते घालणारे. सोफ्याच्या खोळीतून उरलेल्या कापडाचा ताईंनी त्यांना सदरा शिवला होता. तो घालून ते सोफ्यावर डुलक्या घेत बसले असताना एक पाहुणे सरळ त्यांच्या मांडीवर येऊन टेकले. पाहुण्यांनी माफी मागितली, यजमान म्हणाले, "बसा हो, तुमची काय चूक?" ही गोष्ट ते स्वतःच सगळ्यांना हसत हसत सांगत.

ताईंना एकाच गोष्टीचा खरा गर्व होता. कापड दुमडायचं, घडीवर खडूनं अर्धीच आकृती काढायची आणि दोन्ही थर एकदमच कापायचे. उलगडलं की डावं उजवं अगदी तंतोतंत. "एक बाजू कापली की दुसरी फुकट," असं म्हणून त्या कातर हवेत दोनदा वाजवत. त्यांच्या हातून उघड्या कापडाला कधी कातर लागली नव्हती.

ताईंची धाकटी बहीण त्याच रस्त्यावर, चार घरं सोडून राहायची. लग्न केलं नाही, पोस्टात खिडकीवर बसायची. जीभ अशी धारदार की रांगेतली माणसं सुटे पैसे आधीच मुठीत धरून उभी राहत. त्या वर्षी तिच्या छातीत गाठ निघाली. ऑपरेशन झालं, डावा स्तन काढावा लागला. डॉक्टरांनी पुढे सगळं ठीक आहे म्हणून सांगितलं, रजाही संपत आली, पण धाकटी उंबऱ्याबाहेर पडेना. ताईंना ती रोज हसवून परत पाठवायची.

"परवा रुमालाची गुंडाळी करून आत ठेवली होती गं," ती सांगत होती. "जरा जिना उतरले तर बाईसाहेब फिरायला निघाल्या. खाली पोचेपर्यंत गळ्याशी आल्या!"

ताई पोट धरून हसल्या. मग धाकटी तशीच हसत म्हणाली, "मी नोकरी सोडायचं म्हणतेय, ताई. एकही कपडा धड बसत नाही. हात वर जात नाही, नवं कापड टोचतं. त्या खिडकीत सगळ्यांच्या डोळ्यांसमोर नाही बसवणार मला."

ताईंचं हसू जागच्या जागी विरलं. पोस्टाच्या खिडकीशिवाय धाकटी म्हणजे काय, हे त्यांना माहीत होतं. ती घरात बसली तर महिन्याभरात म्हातारी होईल, अशी त्यांना मनापासून भीती वाटली.

"तुला मी कुडता शिवते," त्या म्हणाल्या. "समोरून उघडणारा. जुन्या चादरीचा, म्हणजे टोचायचा नाही."

"माप घे मग."

"तुझं माप मला झोपेतही पाठ आहे."

फिकट निळी, पांढऱ्या ठिपक्यांची एक चादर ताईंनी कपाटात जपून ठेवली होती. धुऊन धुऊन इतकी मऊ झालेली की गालाला लावावी. तिचा एका कडेचा भाग कापून, दुमडून, बेतून ताईंनी कुडता शिवला आणि संध्याकाळी ऐटीत बहिणीकडे नेला. धाकटीनं आतल्या खोलीत जाऊन तो घातला. बराच वेळ ती बाहेर आली नाही. आली ती जुना झगा घालूनच, कुडत्याची नीट घडी करून.

"छान झालाय," ती म्हणाली.

धाकटीनं आयुष्यात त्यांच्या एकाही कपड्याला छान म्हटलं नव्हतं. इथे आवळतो, तिथे लोंबतो, गळा काय विहीर आहे का, अशी तिची तऱ्हा. कौतुक म्हणजे हा कपडा आता पेटीत जाणार.

घरी येऊन ताईंनी कुडता उसवायला घेतला. पुढचे दोन्ही भाग सुटे झाले तेव्हा हाताच्या सवयीनं त्यांनी एकावर एक ठेवून पाहिले. टोकाला टोक, मुंढ्याला मुंढा, छातीच्या उभारासाठी घातलेल्या टक्सवर टक्स. कणभर चूक नव्हती. चूक तीच होती. डावीकडे त्यांनी जे नाही त्याच्यासाठी जागा ठेवली होती, आणि आरशात धाकटीला बिचारीला तीच रिकामी जागा दिसली असणार. ताईंनी कपाळाला हात लावला. एवढी वर्षं कपडे शिवले आणि बहिणीचं अंग न बघताच आपण तिच्यासाठी बेतायला निघालो, याची त्यांना विलक्षण लाज वाटली.

सकाळी त्या टेप घेऊन हजर झाल्या.

"माप दे."

"पाठ आहे ना तुला?"

"ते जुनं झालं."

ऑपरेशनची जागा धाकटीनं नर्सशिवाय कुणाला दाखवली नव्हती. मग तिनं दाराला कडी घातली, खिडकीचा पडदा ओढला आणि झग्याची बटणं काढली. बगलेपर्यंत गेलेला आडवा लालसर वण होता आणि त्याच्याभोवती सपाट, ताणलेली कातडी.

"बघितलंस? आता रड हवं तर."

"रडते मागाहून. हात वर कर."

"एवढाच होतो."

"तेवढाच पुरे. त्याहून वर नको नेऊस."

खरं तर ताईंना हुंदका आवरत नव्हता. पण तोंडात टाचण्या धरल्या होत्या, त्यामुळे रडायची सोयच नव्हती. त्यांनी उजवी बाजू मोजली, मग डावी वेगळी मोजली. टेप लागली की उजवीकडे धाकटीला गुदगुल्या व्हायच्या आणि डावीकडे काही कळायचंच नाही. "अर्धी मी बधिर आणि अर्धी खिदळतेय," असं म्हणत ती हसत सुटली. हसता हसता तिच्याच डोळ्यांना पाणी आलं. मग ताईंनी टाचण्या काढून ठेवल्या आणि दोघी बहिणींनी पलंगावर बसून यथेच्छ रडून घेतलं. त्याचीही गरज होतीच.

त्या दुपारी ताईंनी निळ्या चादरीचा उरलेला भाग फरशीवर पसरला. उघडाच, एका थरात. खडू हातात घेऊन त्या नुसत्याच गुडघ्यांवर बसून राहिल्या. कुठून सुरुवात करावी तेच कळेना. घडी नाही, मधली रेघ नाही. शेवटी त्यांनी आधी डावी बाजू काढली. टक्स नाही, छाती सपाट, खांद्यापासून बारीक चुण्या, म्हणजे कापड अंगाला न चिकटता सुटं पडेल. मुंढा चांगला मोठा, हात जेवढा वर होतो तेवढ्यात आत जाईल असा. शिवणी बाहेरच्या अंगाला वळवून त्यांवर काठाची पट्टी बसवली, म्हणजे वणाला काही घासायला नको. मग उजवी बाजू वेगळी काढली. तीन वेळा पुसली, चौथ्यांदा कापली.

यजमानांनी शिवलेला कुडता उजेडात धरला, चष्मा वर केला, खाली केला. "एक बाजू चुकलीय हो."

"तुम्ही तुमची घड्याळं बघा," ताई म्हणाल्या.

धाकटीनं तो घातला तेव्हा ताई दाराबाहेर उभ्या होत्या. मग कपाळाला आठ्या घालून धाकटी बाहेर आली. चुण्या खांद्यावरून सरळ खाली उतरल्या होत्या आणि बघणाऱ्याला एक निळा कुडता दिसत होता, बाकी काही नाही.

"खिसा कुठाय?" धाकटी कडाडली. "पेन काय कानाला अडकवू?"

ताईंनी त्याच पावली घरी जाऊन खिसा लावला. इतक्या आनंदानं त्यांनी कधी काही शिवलं नसेल.

पुढच्या आठवड्यात धाकटी कामावर गेली. ताईंनी मुळीच येऊ नये असं तिनं बजावलं होतं, म्हणून ताई थोड्या उशिरानं गेल्या. लांबून बघून परत फिरायचं, एवढाच बेत होता. पण पोस्टात गर्दी होती, पुढच्या उंच माणसामुळे काही दिसेना, म्हणून त्या रांगेत शिरल्या. रांग सरकत गेली तशा त्याही सरकत गेल्या. काचेपलीकडे निळा कुडता ताठ बसला होता. डावा हात कागद पुढे ओढत होता, उजवा धाडधाड शिक्के मारत होता, आणि एका गृहस्थाला पत्ता नीट लिहिता येत नाही म्हणून चांगलंच ऐकून घ्यावं लागत होतं. ताई बघण्यात अशा रंगून गेल्या की पुढचा माणूस बाजूला झाला आणि त्या थेट खिडकीसमोर आल्या.

धाकटीनं मान वर केली. ओळखीची रेषाही चेहऱ्यावर नाही.

"काय हवंय?"

ताईंकडे पत्र नाही, पार्सल नाही, हातात साधी पिशवीसुद्धा नाही.

"काही नाही," त्या पुटपुटल्या.

"मग बाजूला व्हा. मागे लोक खोळंबलेत. चला, पुढचं कोण?"

ताई बाजूला झाल्या. भर पोस्टात आपला असा पाणउतारा झाला हे त्यांनी घरी पोचेपर्यंत रस्त्यात भेटेल त्याला थांबवून सांगितलं.