शकुंतलाबाईंचं टेबल

कुत्र्यांचे केस दररोज संध्याकाळी झाडून टाकता येतात. किस्से मात्र साठत जातात. ब्रह्मपुरीतल्या माझ्या प्राण्यांच्या दवाखान्यात ते साठले शकुंतलाबाईंच्या ग्रूमिंग टेबलाभोवती.

ग्रूमिंग, म्हणजे कुत्र्यांचे केस विंचरणं, नखं कापणं, ही निव्वळ हौस, असं माझं पशुवैद्यक म्हणून ठाम मत होतं. शकुंतलाबाईंचं आयुष्य तलावाकाठी मासेमारीची जाळी दुरुस्त करण्यात गेलेलं. रीतसर प्रशिक्षण घेऊन त्या माझ्याकडे आल्या, तेव्हा मी अट घातली, "चार महिने. टेबलाचा आरोग्याशी संबंध दिसला नाही, तर तिथे औषधांचं कपाट येईल."

"अन् मी परत जाळ्यावर," त्या म्हणाल्या. "बरं, म्याडम."

*

पहिल्याच आठवड्यात एक गुरुजी आपला झुपकेदार कुत्रा घेऊन आले. "लय आळशी झाला. फिरालेच येत नाई."

मी सांधे तपासले आणि एक्स-रेची चिठ्ठी लिहायला घेतली. तेवढ्यात शकुंतलाबाईंनी पंजावरचे गुंतलेले केस बाजूला केले. कित्येक महिने न कापलेलं नख वळून तळव्यात रुतलं होतं.

नख काढलं, जखम बांधली. आठवड्याने कुत्राच गुरुजींना ओढत घेऊन आला.

"गुरुजी," शकुंतलाबाईंनी विचारलं, "आळशी कोन होता?"

*

एप्रिलमध्ये एका दुकानदाराने आपला केसाळ कुत्रा टेबलावर ठेवत फर्मावलं, "पुरा टक्कल करा. गर्मी पाहा ना."

दाट केस उन्हापासून कातडीचं रक्षण करतात, फक्त आतले गळालेले केस नियमित विंचरून काढावे लागतात, हे मी त्याला दहा मिनिटं समजावलं. तो ढिम्म.

"भाऊ," शकुंतलाबाई म्हणाल्या, "दुपारी बाहेर निंगता तवा डोक्याचा दुपट्टा सोडता का बांधता?"

त्याने डोक्याला हात लावला. "विंचरूनच द्या."

*

गडचिरोलीकडच्या एका जंगलातल्या गावाहून एक बाबा आले. त्यांचा कुत्रा मोहफुलं वेचायला सोबत जायचा. आता उठत नव्हता. हिरड्या पांढऱ्या पडल्या होत्या. मी गोचीडतापाचे उपचार सुरू केले आणि कुत्र्याला टेबलावर पाठवलं.

"जंगलातल्या कुत्र्याले पार्लर काऊन?" बाबा हसले.

शकुंतलाबाई कानाच्या आतून, बोटांच्या बेचक्यांतून एकेक गोचीड चिमट्याने काढत होत्या. "मोहा येचताना झाडाखालचं एक तरी फूल सोडता का, बाबा?"

पुढच्या महिन्यात दवाखाना उघडण्याआधीच बाबा कुत्र्यासह दारात हजर. "आमचा पार्लरचा नंबर पयला लावा."

*

तरीही तीन-चार प्रकरणं म्हणजे पुरावा नव्हे, असं मी म्हणत राहिले. चौथ्या महिन्यात माझी स्वतःची कुत्री, मिरी, टेबलावर चढवली. "हिला काही झालेलं नाही. दर रविवारी मीच ब्रश करते. फक्त आंघोळ घाला."

पोटाशी शकुंतलाबाईंची बोटं थांबली. माझा हात धरून त्यांनी शेवटच्या सडाशेजारी ठेवला. लाखोळीच्या डाळीच्या दाण्याएवढं काहीतरी कातडीखाली सरकलं.

ती गाठ मी दुसऱ्याच दिवशी शस्त्रक्रियेने काढली. कर्करोगाचीच, पण वेळेत सापडली, असा तपासणीचा अहवाल आला.

मिरीचे टाके निघाले त्याच दिवशी, मी पूर्वीच सांगून ठेवलेला सुतार टेप घेऊन उगवला. "म्याडम, कपाट कुठी बसवाचं?"

शकुंतलाबाई एका कुत्र्याचा कान पुसत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

मी माझ्या खुर्चीची जागा दाखवली.

"मंग तुमी कुठी बसान?" सुतार गोंधळला.

"काऊन बसाचं?" शकुंतलाबाई कानातच पाहत म्हणाल्या. "बसून काई सापडत नाई."