हातातली चप्पल

आमच्या बंडूला, म्हणजे कुत्र्याला, अधूनमधून फिट येते. डॉक्टरांनी बजावलंय, आजूबाजूचं सामान सरकवा, पंखा लावा आणि शांत बसून राहा. त्याच्या तोंडाशी काही नेऊ नका. एरवी मी तेच करते. काल मात्र घरात पाहुणे होते. बंडू फरशीवर पाय झाडत होता आणि मला नुसतं बसलेलं पाहून सासरच्या आत्याबाई म्हणाल्या, "अगं, बघत काय बसलीस? चप्पल हुंगव त्याला!"

त्यानं काही होत नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं. तरी उठले, चप्पल आणली, त्याच्या नाकाशी धरली. नुसतं जवळ बसून राहणं लोकांना माया वाटत नाही, आणि लोकांना वाटावी म्हणून आपण काय काय करतो!

फिट आपसूक ओसरली. "बघ, आला की नाही गुण?" आत्याबाई म्हणाल्या. मी हो म्हणाले, पण बंडूकडे बघवेना.

त्यानं डोळे उघडले. माझ्या हातातली चप्पल दिसताच धडपडत उठला आणि झोकांड्या खात, शेपटी हलवत दाराशी जाऊन उभा राहिला. त्याला वाटलं, मी त्याला फिरायला नेतेय.