ज्ञानकोश कुणाच्या पैशावर? शिरूर-दौंडचे दोन दिवस

पुण्याहून नगरकडे जाणाऱ्या एसटीत मला खिडकीजवळची जागा मिळाली होती, पण बाहेर बघण्यात मन लागत नव्हतं. सकाळीच फोनवर निरोप आला होता. उद्या संध्याकाळपर्यंत पैसे भरले नाहीत, तर संकेतस्थळ बंद करू, असं सर्व्हर भाड्याने देणाऱ्या कंपनीने कळवलं होतं.

हे संकेतस्थळ म्हणजे आमचा मराठी मुक्त ज्ञानकोश. गावं, नद्या, झाडं, आजार, अवजारं अशा हजारो नोंदी त्यात आहेत. कुणीही वाचावं आणि पुरावा देऊन कुणीही लिहावं. तो चालवणारे आम्ही तीन विश्वस्त. दौंडचे माधवराव रेल्वेतून निवृत्त झालेत, शिरूरच्या मार्थाबाई शाळेतून, आणि मी साताऱ्याच्या एका कॉलेजात ग्रंथपाल आहे. इतकी वर्षं खर्चाचा मोठा वाटा माधवरावांच्या पेन्शनीतून गेला. गेल्या वर्षी त्यांच्या पत्नीचं ऑपरेशन झालं आणि ते म्हणाले, "आता माझ्याच्यानं होत नाही." मध्यंतरी आम्ही जाहिराती घेऊन पाहिल्या. पहिल्याच आठवड्यात मधुमेहाच्या नोंदीशेजारी मधुमेह मुळापासून बरा करणाऱ्या पावडरीची जाहिरात झळकली. ती त्याच दिवशी काढली.

आणि आता एक माणूस पुढची पाच वर्षं सगळा खर्च उचलायला तयार झाला होता. त्याला भेटायला मी निघाले होते.

कोरेगाव भीमा मागे पडलं, गोदामं आणि कंटेनर सुरू झाले, आणि मी सणसवाडीला उतरले. शिफ्ट सुटत होती. रस्ता ओलांडायला उभी राहिले तर आजूबाजूला मराठी कमी आणि हिंदी, उडिया, भोजपुरीच जास्त कानावर पडत होती. दर दुसऱ्या भिंतीवर 'रूम भाड्याने देणे आहे' लिहिलेलं. मुख्य रस्त्यापासून आत, ज्वारीच्या शेताला लागून त्या गृहस्थांचा कारखाना. त्यांचं नाव इथे देत नाही. तिथे सगळे त्यांना अण्णा म्हणतात.

अण्णांनी मला चहाबरोबर गरम भजी खायला घातली. बोलणं मोकळं. "म्याडम, मी सातवी शिकलेला माणूस. माझ्या लेकीनं तुमच्या त्या साइटीवर वाचून परीक्षा दिल्या. तवा पैशाचं काय बी वाटत न्हाई मला." मग कप खाली ठेवून ते जरा पुढे झुकले. "फकस्त एक काम करा. आमच्या कारखान्याचं त्ये जे लिवलंय, तेवढं काढा."

ते काय, हे मला माहीत होतं. काही वर्षांपूर्वी तिथे भट्टी फुटून तीन कामगार गेले. मार्थाबाईंनी वर्तमानपत्रांतल्या बातम्यांच्या आधाराने तो परिच्छेद लिहिला होता. तिघांची नावं, त्यांची उत्तरेकडची गावं, आणि भट्टीची तपासणी वेळेवर झाली नव्हती हे सरकारी चौकशीत निघालेलं वाक्य.

"खोटं आहे का ते, अण्णा?"

"खोटं न्हाई." त्यांनी आवाज चढवला नाही. "पर भरपाई दिली मी. केस मिटली. नवी भट्टी आणली. आन् अजून बी कुणी आमचं नाव टाकलं की पयलं ह्येच येतं. पोरगी कॉलेजला हाय पुण्यात. तिच्या मैत्रिणी तिला दावत्यात. तिनं काय केलंय, सांगा?"

खोटं लिहा असं ते म्हणत नव्हते. गप्प बसा एवढंच म्हणत होते. "उद्या दुपारपातुर सांगा," ते म्हणाले, "लगीच पैसे टाकतो."

बाहेर येऊन मी माधवरावांना फोन केला आणि अट सांगितली. "बरं," ते म्हणाले. "बघू." आणि फोन बंद.

मार्थाबाईंनी मला आणखी एक काम दिलं होतं. मेलेल्यांपैकी एकाचा भाऊ, रामसूरत, जवळच्याच खोल्यांमध्ये राहत होता. या कारखान्याचे पैसे घ्यायचं ठरवण्याआधी त्याला भेट, असं त्या म्हणाल्या होत्या. पत्र्याच्या दहा-बारा खोल्या, समोर एकच नळ. रामसूरत ड्युटीवरून नुकताच आला होता. पस्तिशीचा, अंगावर कारखान्याचा गणवेश. त्याच कारखान्याचा. ते मला माहीत नव्हतं.

मी कशासाठी आले ते त्याला सांगितलं. ऐकता ऐकता त्याने दार लोटून घेतलं.

"मॅडम, आप मुझसे मत पूछिए," तो हळू आवाजात म्हणाला. "पूछेंगी तो मुझे बोलना पड़ेगा कि हटा दो. मेरी नौकरी वहीं है. बच्चे यहीं स्कूल में हैं."

"आणि मी विचारलंच नाही तर?"

त्याने कोपऱ्यातली पाण्याची बाटली उचलून माझ्या हातात दिली आणि मी कोणत्या रस्त्याने बाहेर पडावं ते सांगितलं. पुढच्या दाराने नको, मागून जा, म्हणाला. नाल्याच्या कडेने चालताना मी दोनदा मागे वळून पाहिलं. मागे कुणी नव्हतं. तरी पाय भराभर पडत होते.

दिवस मावळायच्या आत शिरूरला पोचले. तिथली जुनी माणसं अजून गावाला घोडनदी म्हणतात. मार्थाबाईंचं घर चर्चच्या मागच्या गल्लीत, दोन खोल्यांचं, दारात तुळतुळीत सारवलेलं अंगण आणि शेवग्याचं झाड. त्यांची आजी मिशनच्या शाळेत शिकली, आई शिकवायला लागली, आणि बाई स्वतः तर निवृत्त होऊनही शिकवायच्या थांबल्या नाहीत. त्यांनी बाजरीची भाकरी, शेवग्याच्या शेंगांची आमटी आणि खुडा (हिरव्या मिरचीचा लसूण घालून केलेला ठेचा) वाढला. मी अण्णांचं सांगितलं, रामसूरतचं सांगितलं.

"तुला काय वाटतं?" बाईंनी विचारलं.

"खरं सांगू? घ्यावेत असं वाटतंय," मी म्हणाले. "एका परिच्छेदासाठी सगळं बुडवायचं का? उद्या संकेतस्थळच नसेल तर तो परिच्छेद तरी कुठे असणार?"

बाईंनी माझ्या ताटात आणखी आमटी वाढली. रागावल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं. "झोप आता," एवढंच म्हणाल्या.

सकाळी दौंडला निघायचं होतं. तिघांनी समोरासमोर बसून ठरवायचं, असं ठरलं होतं. स्टँडवर गाडीची वाट बघताना मी सहज फोनवर ते पान उघडलं. परिच्छेद नव्हता. कारखान्याचं उत्पादन, पत्ता, कामगारांची संख्या, सगळं होतं. मधली जागा अशी सांधलेली की तिथे कधी काही होतं हे कळूही नये. बदल माधवरावांनी केला होता.

मी फोन बाईंपुढे धरला. त्यांनी चष्मा लावला, वाचलं, आणि चष्मा परत पिशवीत ठेवला. गाडी आली तशी त्या माझ्या आधी चढल्या.

न्हावऱ्याच्या पुढे दोन्ही बाजूंना उसाचे फड, मध्येच गुऱ्हाळं (उसाच्या रसापासून गूळ करायच्या जागा), आणि हवेत उकळत्या रसाचा गोड, जड वास. एरवी मी उतरून काकवी चाखली असती. पारगावजवळ भीमेच्या पुलाच्या अलीकडे गाडी थांबली ती थांबलीच. उसाची ट्रॉली आडवी झाली होती. रस्ताभर मोळ्या पडलेल्या, पुढे गाड्यांची रांग. ऊन चढत होतं. अण्णांचा फोन येऊन गेला, मी उचलला नाही. पुन्हा आला.

"आज दुपारपर्यंत उत्तर द्यायचंय," मी बाईंना म्हणाले, "आणि आपण इथे अडकलोय."

"माधवराव उत्तर देऊन बसलेत," बाई म्हणाल्या. मग खाली उतरल्या आणि ट्रॉलीवाल्यांना मोळ्या बाजूला करायला सांगू लागल्या. त्यांचा तो शाळेतला आवाज ऐकून रांगेतले चार-सहा प्रवासीही हात लावायला पुढे झाले. मीही दोन मोळ्या ओढल्या आणि तळवे सोलून घेतले. शेवटी एका बाजूने वाट झाली आणि गाडी पुलावर चढली. खाली भीमेचं पाणी काळपट, संथ.

चौफुल्याला गाडी बदलून दौंडला पोचेपर्यंत दुपार झाली होती. माधवरावांचं घर स्टेशनपासून जवळ. मालगाडी गेली की खिडकीची तावदानं थरथरतात. दार त्यांनीच उघडलं. दाढी वाढलेली.

"बसा," ते म्हणाले.

बाई बसल्या नाहीत. "माधवराव, आम्हाला विचारलं का नाही?"

"विचारलं असतं तर तुम्ही नाही म्हणाला असता."

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं."

"मार्थाबाई, ज्ञानकोश मी वाढवलाय!" माधवरावांचा आवाज फाटला. आतल्या खोलीत त्यांच्या पत्नी खोकल्या. त्यांनी आवाज खाली आणला. "हजारो नोंदी आहेत. तुम्ही पाहिलंय, कुठल्या कुठल्या खेड्यातली पोरं तिथे वाचतात. एक परिच्छेद जातोय. माझी सही घ्या हवी तर, की पाप माझं."

"तुमचं पाप नकोय मला," बाई म्हणाल्या. "मला एवढंच सांगा. उद्या मी एखादी नोंद उघडली, तर त्यातलं काय कुणी पैसे देऊन काढलंय हे मला कसं कळणार? मी स्वतः लिहिते तिथे. आजपासून माझाच भरवसा राहणार नाही. मग वाचणाऱ्याने का ठेवावा?"

माधवरावांनी माझ्याकडे पाहिलं. दोन मतं दोन बाजूंना पडली होती. माझा फोन वाजत होता. अण्णाच.

काल रात्री माझं मत ठरलेलं होतं. पण सकाळी स्टँडवर ते सांधलेलं पान पाहिल्यापासून ते डळमळलं होतं. परिच्छेद जाणं मी मनात मान्य केलं होतं. तो गेल्यावर पान इतकं गुळगुळीत दिसेल, हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. आणि रामसूरत दार लोटून म्हणाला होता, मला विचारू नका. तो नाही म्हणू शकत नव्हता. आम्ही तिघं म्हणू शकत होतो.

"परत टाका, माधवराव," मी म्हणाले.

ते उठून संगणकापुढे गेले. पासवर्ड दोनदा चुकला. परिच्छेद परत आला. त्यानंतर माझ्या हातातला फोन त्यांनीच मागून घेतला आणि स्पीकरवर टाकला.

"अण्णा, मी माधव बोलतोय. पैसे नकोत. ते लिहिलेलं मी काढलं होतं, ती चूक माझी. परत टाकलंय."

पलीकडे यंत्रांचा घरघराट. "आन् मंग साइट?"

"बंद पडेल आज."

"आसं का करताय सायेब?" अण्णांना खरंच कळत नव्हतं. "मी काय वाईट सांगितलं?"

मार्थाबाई फोनजवळ आल्या. "अण्णा, तुम्ही नवी भट्टी बसवली, ते आम्ही लिहू. त्याला पैसे लागत नाहीत. कुठे छापून आलं असेल तर सांगा, किंवा तपासणीचा सरकारी अहवाल द्या."

"म्हंजी माझी बाजू बी लिवनार?"

"पुराव्यानिशी. त्या तीन नावांच्या खाली."

"ती नावं ऱ्हानारच?"

"राहणार."

"बगतो," अण्णा म्हणाले आणि फोन ठेवला. मला रामसूरतची काळजी वाटत होती. त्याचा आम्ही कुणापाशी उल्लेख केला नव्हता, आणि करणारही नव्हतो.

माधवरावांच्या पत्नी आतून चहा घेऊन आल्या. त्यांना चालताना अजून दुखत होतं. त्यांनी चार कप ठेवले आणि नवऱ्याशेजारी बसल्या.

बाईंचा निरोप घेऊन मी दौंडहून पुण्याच्या गाडीत बसले. पाटस गेलं, केडगाव गेलं. यवतच्या आसपास फोनवर ज्ञानकोश उघडायचा बंद झाला. त्या जागी पांढऱ्या पानावर एकच ओळ दिसत होती, आम्हीच लिहून ठेवलेली: पैशांअभावी बंद आहे. खाली संपर्कासाठी माझा नंबर. डब्यात समोरची बाई आपल्या लेकराला संत्रं सोलून देत होती. मी खिडकीकडे तोंड केलं.

दुसऱ्या दिवसापासून फोन सुरू झाले. मला वाटलं होतं हळहळ व्यक्त करतील. लोक रागावलेले होते. स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी एक मुलगी रडकुंडीला आली होती. जव्हारचे एक शिक्षक म्हणाले, उद्याचा धडा कसा घेऊ? आणि केंदूरहून एका शेतकऱ्याचा फोन आला. ते कांद्यावरच्या करपा रोगाची नोंद वाचत होते आणि पान अर्ध्यातच गेलं होतं.

"बंद करायच्या आदुगर सांगायचं न्हाई व्हय ताई?"

"पैसे नव्हते, मामा."

"मंग मागायचे की! तुमी मागितले कवा?"

खरंच, कधीच नाही. विश्वस्तांच्या बैठकांमध्ये आम्ही कारखानदार, पुढारी, कंपन्या सगळ्यांची नावं काढली होती. वाचणाऱ्यांचं नाव एकदाही निघालं नव्हतं. फुकट दिलेल्या गोष्टीसाठी हात पसरायचा म्हणजे लाज वाटते, असं आम्ही धरून चाललो होतो. ती लाज टाळायची म्हणून एका माणसापुढे वाकायची वेळ आणली.

त्या पांढऱ्या पानावर मी पैशांची मदत मागणारी दुसरी ओळ घातली आणि खाली खात्याचा नंबर. लोकांनी जमेल तसं दिलं. मोठी रक्कम कुणाचीच नव्हती. जमलेल्या पैशांत जुना सर्व्हर परवडेना, म्हणून लहान घेतला. फोटो बरेच काढावे लागले, पानं हळू उघडतात. पण उघडतात. अण्णांनी नव्या भट्टीचा तपासणी अहवाल पाठवला आणि मार्थाबाईंनी त्यातलं जेवढं सिद्ध होतं तेवढं लिहिलं. अण्णांची लेक वाचते की नाही, मला माहीत नाही.

केंदूरच्या मामांना मी मुद्दाम फोन करून सांगितलं की नोंद परत सुरू झाली आहे.

"पाह्यली मी," ते म्हणाले. "करपा हटला माझा. आन् ऐका, पुढल्या वर्सी बी मागा."

"मागू?"

"मागा. आपनहून द्यायचं ध्येनात ऱ्हात न्हाई हो. दर साली मागत जावा."