निजलेल्याचा डावा हात

चालताना सुगंधाकाकी एका पावलासमोर दुसरं पाऊल अगदी चिकटवून टाकायची. मालाडच्या बाजारातसुद्धा. पाणी ओंजळीनंच प्यायची. पेला पुढे केला तर बाजूला ठेवायची. कशाची लांबी विचारली की हात पसरायची नाही, उठून चालून दाखवायची. गच्चीच्या दारात चप्पल काढायची.

शेजारच्या रुचिराला या म्हातारपणाच्या खोडी वाटायच्या. मराठी घेऊन बी.ए. झाल्यापासून तिचा दुपारचा चहा काकीकडेच असे. अशाच एका दुपारी मालवणकडच्या गावाहून काकीच्या भाच्याचा, सुयोगचा, फोन आला.

गावच्या सड्यावर, उघड्या कातळावर, हजारो वर्षांपूर्वी कुणीतरी एक माणूस कोरला होता. आडवा, चार-पाच माणसांएवढा लांब. डोळे नाहीत, छातीवर नुसत्या सरळ रेषा. म्हातारे त्याला पांडवांचं काम म्हणत. गुरं राखणाऱ्या पोरी त्याला ‘निजलेलो’ म्हणत. पुढे घरांसाठी चिरे काढताना त्याचे पाय आणि डावा हात गेला. उरलेल्याला आता गावानं कुंपण घातलं होतं. शेजारी अख्ख्या चित्राचा फलक लावायचा होता.

“आते, तुका आठवता काय गो?”

“न आठवूक काय झाला? त्याच्यारच वाढलंय मी.”

काकीनं कागद घेतला आणि तसाच ठेवला. “ह्या एवढ्याशात जमाचा नाय. माका तो पायाखाली व्हयो.”

गुरं राखणाऱ्या त्या पोरी, काकीही त्यांतलीच, कोरलेल्या चरांतून एकामागून एक चालायच्या. पाऊल चराबाहेर पडलं की बाद. काकी गच्चीवर डोळे मिटून तशीच चालू लागली आणि रुचिरा मागून खडूनं रेघ ओढत गेली. टाच, पोटरी, गुडघा. पाय उतरले तेव्हा रुचिरानं टाकीवर चढून खाली पाहिलं. वरूनच फोटो काढून तिनं सुयोगला पाठवला.

सोसायटीचा सेक्रेटरी सिद्धेश वर आला. “काकी, गच्चीची वाट लावलीस ना!”

“तुज्या आवशीचे पापड हय वाळलेले चलतत, माझो माणूस चलना नाय?”

तो हसत खाली गेला.

डाव्या हाताच्या कोपराशी मात्र काकी थांबली.

“काय गं, विसरलीस?”

“नाय गो. हयसून फुडे कोण चलत नव्हता. त्या हातात पावसाचा पाणी साचायचा. गुरां पियायची, आमी पियायचंव. त्येच्यात पाय कसो घालूचो?” तिनं ओंजळ धरली. बोटं जवळ घेतली, लांब केली. “बोटां चार काय पाच... उद्या बघूया. आज गुडघे दुखतत.”

सकाळी काकी उठलीच नाही.

रुचिराला रडू आलं नाही. चादरीबाहेर आलेल्या काकीच्या तळव्यांकडे ती बघत राहिली. सगळी वाट त्या पायांत होती.

काकीचे दिवस-कार्य झाल्यावर सुयोगचा फोन आला. “पाय मिळाले. हात अंदाजानं काढून दे ना. कोणाक कळताहा?”

रुचिरा गच्चीवर गेली. नळाखाली ओंजळ धरून पाणी प्यायली. कितीतरी वेळ बोटांकडे बघत बसली. मग तिनं सुयोगला फोन लावला.

“नको. कोपरापर्यंतच ठेवा.”

खडूचे पाय आता पुसट झालेत. कोपराच्या पुढची लादी कोरीच आहे. कपडे वाळत घालायला गेली की रुचिरा तिला वळसा घालून जाते.