सुनंदाच्या घरचा तांब्याचा हंडा

"पथ्य पाळतेय ना ती?" मोठ्या डॉक्टरांनी सुनंदाची फाइल माझ्यापुढे सरकवली.

"सर, शीट दिलंय मी."

"दिलंय ते कळलं हो. पाळतेय का?"

मी फाइल चाळायला लागले. परळच्या एका इस्पितळात मी तेव्हा डाएटिशियन होते. नवी नवी, आणि स्वतःला फार हुशार समजणारी.

सुनंदा एकोणीस वर्षांची, लालबागच्या चाळीतली. संपात वडिलांची गिरणी सुटली ती सुटलीच. ही टायपिंग पास झालेली. आता घर हीच सावरणार असं सगळे धरून चाललेले, आणि नेमके तिचे हात थरथरायला लागले. चाळीत कोणी म्हणालं नाटकं, कोणी म्हणालं बाहेरचं. निघाला विल्सन्स डिसीज. आजार दुर्मिळ. आपल्या खाण्यातलं जादा तांबं शरीर बाहेर टाकतं. या पेशंटचं टाकत नाही. ते लिव्हरमध्ये साठतं, मग मेंदूत. औषधाने ते काढायचं आणि खाण्यातून कमी जाऊ द्यायचं. औषध तीन महिने चालू होतं, तरी हात थांबेनात.

माझं शीट परदेशी पुस्तकावरून उतरवलेलं. मशरूम नको, चॉकलेट नको, अक्रोड नको. संपानंतरच्या लालबागमध्ये अक्रोड! आता हसू येतं.

शेवटी एका दुपारी तिच्या घरीच गेले. आई मालवणकडची. मी टेकते न टेकते तोच पेला पुढे. "बाई, आधी पाणी घेवा."

प्यायले. कोपऱ्यात बघते तर चिंचेने घासलेला तांब्याचा हंडा लखलखतोय.

"सुनंदा पण हेच पिते?"

"तिच्यासाठीच भरतंय," आई अभिमानाने म्हणाली. "सकाळी उपाशीपोटी दोन पेले. चेडू आजारी ना!"

मी सगळं समजावून सांगितलं. माउलीचा चेहरा उतरला. "म्हणजे मीच पाजलंय?"

"नाही हो. चूक माझी. मी कधी विचारलंच नाही." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं.

"मी सांगत होते ना," भिंतीला टेकून बसलेली सुनंदा अडखळत म्हणाली, "मला ते पाणी आवडत नाही!" तिघीही हसलो.

हंडा त्याच संध्याकाळी माळ्यावर गेला. मग चाळीत चौकशा सुरू. हंडा विकला की काय? तेव्हा आईनेच मला संक्रांतीच्या हळदीकुंकवाला बोलावलं. "तुम्हीच सांगा बायकांक." तिळगूळ हातात धरून मी सांगितलं: हा आजार कुणाला लागत नाही, बाहेरचं नाही, नाटक तर नाहीच. पण भावंडांत असू शकतो.

"मग आम्ही पण हंडे माळ्यावर टाकायचे?" एकीने विचारलं.

"छे हो! तुम्ही खुशाल प्या."

'नाटकं' म्हणणाऱ्या शेजारणीने सुनंदाला जवळ बसवून कुंकू लावलं. पुढच्या आठवड्यात सुनंदाच्या धाकट्या बहिणीची तपासणी केली. तिलाही तोच आजार निघाला, पण वेळेत कळला. तिचे हात कधी थरथरलेच नाहीत.

सुनंदाचे हात थांबायला वर्ष लागलं. मग एक दिवस ती ओपीडीत आली, माझं नवं शीट स्वतः टाइप करून. पहिली ओळ: घरात पाणी कशात भरता? खाली टायपिंगच्या दोन चुका होत्या. त्या मी मुद्दाम तशाच राहू दिल्या आणि ते शीट टेबलाच्या काचेखाली लावलं. जीव सुखावला अगदी.

रिटायर होईपर्यंत तेच शीट वापरलं. पथ्य सांगण्याआधी त्या घरचं पाणी पिऊन यावं, एवढंच शिकले.